लिहून कमवायचं, तर आधी दर विचारा

गटाच्या बैठकीत हल्ली हमखास प्रश्न येतो, "ताई, मोबाइलवर लिहून खरंच पैसे मिळतात का?" मिळतात. पालघर जिल्ह्यातल्या आमले या आदिवासी गावात लोकांनी हाताने लिहिलेले शब्द मोबाइलवर टाइप करून मजुरी मिळवली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा त्यावरचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला.

अशी कामं अनेक आहेत: हिंदी-इंग्रजीतून मराठी अनुवाद, व्हिडिओखालच्या ओळी, ऐकून लिहून काढणं, दुकानाच्या मालाची माहिती लिहिणं. आपल्याला भिली, पावरी, अहिराणी येते, तेही कामाच्या अर्जात जरूर लिहा.

सुरुवात कशी करायची? मोबाइलवर युनिकोड मराठी टाइप करायला शिका. एकेका पानाचे तीन नमुने तयार ठेवा. एक अनुवाद, एक माहितीपर लेख, एक स्वतःचं लेखन. ते अनुवाद संस्थांना आणि प्रकाशकांना ईमेलने पाठवा.

काम आलं की चार गोष्टी लेखी विचारा: किती शब्द, शब्दाला दर काय, कधी द्यायचं, पैसे कधी मिळणार. समजा, शब्दाला 50 पैसे दर आहे. 1,000 शब्दांचे 500 रुपये झाले. त्याला दोन दिवस लागले, तर रोज 250 रुपयेच पडले. हा हिशेब करूनच होकार द्या.

लेख स्वतःचा असेल तर हक्काचंही विचारा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला देताना लेखी करार आणि आपली सही लागते. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. न वाचता सही करू नका.

आता फसवणुकीचं. "घरबसल्या टायपिंग, आधी नोंदणीचे पैसे भरा" असा मेसेज आला की तिथेच थांबा. काम देणारा मजुरी देतो, मागत नाही. नंतर "चुका झाल्या, दंड भरा" अशी धमकी आली तरी घाबरून पैसे पाठवू नका. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला एक नमुना लिहून आणा. आपण तो मिळून वाचू आणि सुधारू.