रेटा कुणाचा?

हज यात्रेत 1990 साली मक्केजवळच्या बोगद्यात चेंगरून 1,426 यात्रेकरू दगावले. अशा वेळी खापर सहसा घाबरून पळणाऱ्यांवर फुटते. पण चौरस मीटरमागे पाच-सहा माणसांच्या पुढे दाटी गेली की पावले आपल्या हाती राहत नाहीत. छाती फुगायला जागा उरत नाही आणि माणसे उभ्या-उभ्याच गुदमरतात. मागच्यांना पुढचे दिसत नाही, म्हणून रेटा चालूच राहतो. यात श्रद्धेचा प्रश्नच नाही. नागपुरात 23 नोव्हेंबर 1994 ला चेंगराचेंगरीत गोवारी समाजाच्या 114 जणांचा बळी गेला, तो तर मोर्चा होता. (तिथे पोलिसांनी लाठीमार केला; लाठीमार झाला की गर्दीला मागे जागा लागते, आणि तीच नसते.)

शिस्त असती तर टळले असते, असे कुणी म्हणेल. 2006 मध्ये हजच्याच वेळी मक्केजवळच्या मिनात जमरात पुलापाशी साडेतीनशेच्या आसपास बळी गेल्यावर सौदी सरकारने भाविकांना उपदेश करण्यापेक्षा पूलच नव्याने बांधला: अनेक मजले, एकेरी वाटा. मिनात 2015 ला पुन्हा अनर्थ झाला हे खरे. मात्र तो पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन लोंढे भिडले तिथे. नागपुरातल्या ताजबागच्या उरुसाचा बंदोबस्त आखतानाही आधी वाटांची रुंदी मोजावी, पोलीस किती ते नंतर ठरवावे.