शाँबोंच्या पठारावरील शरणपुरे

ल शाँबों-सूर-लिन्यों हे दक्षिण-मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागातले गाव सुमारे १००० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. हिवाळा इथे लांब आणि बोचरा. उन्हाळ्यात मात्र शहरातली माणसे हवापालटासाठी येत, त्यामुळे बोर्डिंगे, छोटी हॉटेले आणि मुलांची वसतिगृहे गावात आधीपासूनच होती. १९४० ते १९४४ या काळात नाझींपासून पळालेल्या ज्यूंना या गावाने आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांनी आसरा दिला. हे करणारे बहुतेक जण शेतकरी, शिक्षक आणि घर चालवणाऱ्या बायका होत्या. पकडले गेल्यास काय होईल, हे त्यांना ठाऊक होते.

पठारावरची वस्ती मुख्यतः प्रॉटेस्टंट होती. कॅथलिक फ्रान्समध्ये हा लहानसा अल्पसंख्य समाज. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे त्यांच्या उपासना रानात चोरून होत. सापडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला पाठवत, तर बायकांना तुरुंगात टाकत. मरी द्युरां ही त्यांच्यातली एक. ती १७३० पासून ३८ वर्षे एग-मोर्तच्या बुरुजात कैदेत होती. विश्वास नाकारला असता तर सुटका झाली असती. तिने तो नाकारला नाही. अशा गोष्टी या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात. सरकारी हुकूम आणि देवाची आज्ञा यांत निवड करायची वेळ येऊ शकते, हे त्यांना पाठ्यपुस्तकातून शिकावे लागले नाही. पठारावर दार्बीपंथीय शेतकरीही होते. जुन्या करारावर त्यांची गाढ श्रद्धा असल्याने ज्यू म्हणजे देवाने निवडलेले लोक, हे त्यांच्यापुरते उघड होते.

१९३४ मध्ये आंद्रे त्रोक्मे या गावचे पाळक म्हणून आले. पहिल्या महायुद्धात त्यांचे बालपण जर्मनांच्या ताब्यातील प्रदेशात गेले. शस्त्र हाती घ्यायला नकार देणारा एक जर्मन सैनिक त्यांना तेव्हा भेटला आणि त्या भेटीने त्यांना अहिंसेकडे वळवले. त्यांची पत्नी माग्दा मूळची इटलीची. १९३८ मध्ये त्रोक्मेंनी पाळक एदुआर तेइस यांच्याबरोबर गावात माध्यमिक शाळा काढली. फ्रान्सने शरणागतीच्या करारावर सही केली २२ जून १९४० रोजी. दुसऱ्याच दिवशी, रविवारच्या उपासनेत, या दोन्ही पाळकांनी मंडळीपुढे भूमिका मांडली: सुवार्तेविरुद्ध जाणाऱ्या आज्ञा पाळायच्या नाहीत, प्रतिकार करायचा तो आत्मिक शस्त्रांनी, आणि तोही द्वेष न बाळगता.

प्रवचनाने माणसे हेलावतात, पण मध्यरात्री दारावर थाप पडली की प्रवचन आठवतेच असे नाही. त्रोक्मेंचे खरे कौशल्य वेगळ्याच गोष्टीत होते. त्यांनी गावोगाव पवित्र शास्त्राच्या अभ्यासाचे लहान गट बांधले होते आणि प्रत्येक गटाला एक प्रमुख नेमला होता. युद्धकाळात निरोप आणि माणसे पोचवण्याच्या वाटा याच गटांमधून तयार झाल्या. प्रत्येकाला फक्त आपल्यापुरते माहीत असे. शेजारच्या शेतावर कोण राहते, हे कोणी विचारत नसे. घाबरणाऱ्या माणसालाही अशा रचनेत काम करता येई, कारण त्याच्या वाट्याला एखादी रात्र, एखादी खोली किंवा पाव पोचवण्याची एखादी फेरीच येई. शास्त्रातला आधारही हाताशी होता. बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात शरणपुरांची आज्ञा आहे. निर्दोषाचे रक्त सांडू नये म्हणून ती नगरे राखून ठेवायची. गावानेच शरणपूर व्हायचे, असा अर्थ त्रोक्मेंनी तिच्यातून काढला.

तरी सगळे गाव पहिल्या दिवसापासून निर्भय होते, असे चित्र रंगवणे खोटे ठरेल. पहिल्या हिवाळ्यात एक जर्मन ज्यू बाई पाळकांच्या दारात आली. माग्दा तिच्यासाठी कागदपत्रे मागायला मेयरकडे गेल्या, तेव्हा तिला गावाबाहेर काढा, असेच उत्तर मिळाले. पुढे चर्चच्या वरिष्ठांनीही त्रोक्मेंना हे काम थांबवायला सुचवले, कारण सगळ्या प्रॉटेस्टंट समाजावर संकट ओढवेल अशी त्यांना धास्ती होती. ही भीती निराधार नव्हती. त्रोक्मेंनी मात्र नकार दिला.

जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये सुमारे १३ हजार ज्यूंची धरपकड झाली. १० ऑगस्टला, जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्सच्या विशी सरकारचे युवक खात्याचे महासचिव लामिराँ शाँबोंला आले, तेव्हा शाळेतल्या मोठ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती निषेधाचे पत्र दिले. आमच्यात ज्यू आहेत आणि त्यांना धरायला आलात तर आम्ही त्यांना लपवू, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्याच्या अखेरीस पोलीस बसगाड्या घेऊन आले. त्यांनी यादी मागितली. त्रोक्मेंनी दिली नाही. कित्येक दिवस झडत्या चालल्या, पण निर्वासित रानात आणि दूरच्या शेतांवर पांगलेले असल्याने पोलिसांच्या हाती फारसे कोणी लागले नाही.

खोटी ओळखपत्रे हाही या कामाचा मोठा भाग होता. ऑस्कर रोझोव्स्की नावाचा जेमतेम वीस वर्षांचा ज्यू तरुण एका शेतावर राहून शिक्के आणि कागद बनवी आणि ते मधमाश्यांच्या पेट्यांमध्ये दडवी. कितीतरी जणांना पुढे स्वित्झर्लंडच्या सीमेपलीकडे नेण्यात आले. खोटे बोलावे की नाही, हा प्रश्न त्रोक्मेंना मात्र शेवटपर्यंत छळत राहिला.

१३ फेब्रुवारी १९४३ रोजी त्रोक्मे, तेइस आणि सरकारी शाळेचे मुख्याध्यापक रोजे दारसिसाक यांना अटक झाली. अटक करायला आलेल्यांना माग्दांनी जेवायला बसवले. पुढे हे अनेकांना विलक्षण वाटले. माग्दांना त्यात विशेष काही दिसले नाही, कारण जेवणाची वेळ झाली होती. त्यांना छावणीत ठेवण्यात आले. तिथून सुटण्यासाठी विशी सरकारचे प्रमुख मार्शल पेताँ यांच्या आज्ञा पाळण्याचे वचन सही करून द्यायचे होते. दोन्ही पाळकांनी सही केली नाही. तरीही महिन्याभराने त्यांची सुटका झाली.

सर्वांत मोठा घाव २९ जून १९४३ रोजी बसला. गेस्टापोने मेजों दे रोश या विद्यार्थिगृहावर धाड घातली. त्याचे व्यवस्थापक दानिएल त्रोक्मे हे पाळक त्रोक्मेंच्या नात्यातले. ते त्या सकाळी दुसऱ्या वसतिगृहात होते आणि रानात पळून जाऊ शकले असते. ते स्वतःहून विद्यार्थ्यांकडे गेले. पुढे लाज वाटू नये म्हणून शाँबों निवडले, असे त्यांनी पूर्वीच आईवडिलांना लिहिले होते. एप्रिल १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत त्यांचा मृत्यू झाला. पकडलेल्या एका स्पॅनिश मुलाने पूर्वी बुडणाऱ्या जर्मन सैनिकाला वाचवले होते. माग्दा त्या घटनेचे साक्षीदार शोधायला थेट जर्मन सैनिकांच्या मुक्कामी गेल्या आणि तो मुलगा सुटला. बाकीच्यांपैकी काही जण परतले नाहीत. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना २० ऑगस्ट १९४४ रोजी लिओंजवळ गोळ्या घालण्यात आल्या.

पठारावर किती जण वाचले, यावर एकमत नाही. पूर्वी ५ हजारांचा आकडा सांगत. अलीकडचे अभ्यासक त्याहून कमी मानतात. १९९० मध्ये याद वाशेम या इस्रायली स्मारक संस्थेने शाँबों आणि परिसरातील रहिवाशांना सामूहिक सन्मान दिला. १९७९ मध्ये फिलिप हॅली या अमेरिकन तत्त्वज्ञाचे पुस्तक आल्यापासून जगभर त्रोक्मेंचेच नाव झाले. शेजारच्या गावांतील पाळकांचे, स्विस बालगृहांचे, ज्यू संघटनांचे आणि नाव न नोंदलेल्या शेतकऱ्यांचे काम त्यामागे झाकले गेले, अशी तक्रार पठारावर बराच काळ होती, आणि ती रास्तही होती. २०१३ मध्ये शाँबोंत उघडलेल्या स्मृतिसंग्रहालयात म्हणूनच एका पाळकाऐवजी सगळ्या पठाराचा इतिहास मांडलेला आहे.