उस्तादाच्या हाताखाली की फी भरून?

'मला ट्रक ड्रायव्हर व्हायचंय' असं घरात म्हणून बघा. आधी दोन मिनिटं शांतता, मग 'एवढं शिकवलं ते कशाला?' हा डायलॉग ठरलेला. पण ही शांतता ओसरल्यावर खरा प्रश्न पुढे येतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याच करिअर मेळाव्यात मिळत नाही. हे काम शिकायचं कुठे? क्लीनर म्हणून गाडीवर चढायचं, थोडे का होईना पैसे कमवत उस्तादाकडून शिकायचं? की स्वतःच्या खिशातून फी भरून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायचं?

सीए, यूपीएससी, इंजिनीअरिंग या सगळ्यांची गणितं आपण पोरं-पोरी कट्ट्यावर मांडत असतो. हे गणित मात्र कोणी मांडत नाही. म्हणून म्हटलं, या वेळी आपण मांडूया.

आधी कायदा काय म्हणतो?

दोन्ही रस्त्यांना लागू असलेले काही नियम आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार कार चालवायचं वय १८, पण ट्रान्सपोर्ट वाहनासाठी ते २० आहे. शिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग लायसन्स हवं असेल तर आधी हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं पक्कं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. म्हणजे अठराव्या वर्षी कारचं लायसन्स काढलं नाही, तर विसाव्या वर्षी ट्रकच्या रांगेत उभंच राहता येत नाही. ही गोष्ट कितीतरी मुलांना विशी ओलांडल्यावर कळते आणि एक अख्खं वर्ष वाया जातं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ट्रान्सपोर्टच्या पक्क्या लायसन्ससाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट लागतं. आरटीओच्या भाषेत 'फॉर्म ५'. तुम्ही चार वर्षं क्लीनर होतात, कसारा घाट तोंडपाठ आहे, तरी हा फॉर्म लागतोच.

म्हणजे 'क्लीनर झालो की फी वाचते' हा समज अर्धाच खरा. फी वाचत नाही, ती पुढे ढकलली जाते. सरकारी फी तशी फार नाही. लर्निंगचे १५०, टेस्टचे ३००, जुन्या लायसन्सवर नवीन वर्ग चढवायचे ५०० रुपये आणि वरचे किरकोळ. खरा खर्च स्कूलचा असतो.

क्लीनरची शाळा

आपल्याकडे ट्रक शिकण्याची जुनी पद्धत हीच. पुस्तकी मराठीत उमेदवारी, हायवेवर 'किन्नरकी'. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत किंवा कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हर काकांना विचारा, बहुतेकांची सुरुवात इथूनच झालेली असते. ताडपत्री बांधायची, रस्सी आवळायची, टॉमीनं टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, चढावर गाडी थांबली की चाकाला दगड लावायचा, रिव्हर्सला मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करायचं. गाडी धुणं, ऑइल-पाणी बघणं, बीएस-सिक्स गाडी असेल तर युरियाची टाकी तपासणं, बिल्टी सांभाळणं, हेसुद्धा त्यातच.

यातलं बरंचसं कुठल्याही स्कूलमध्ये शिकवत नाहीत. लोड एका बाजूला झुकला तर वळणावर काय होतं, कांद्याची गाडी आणि लोखंडाची गाडी ब्रेकला वेगळी का लागते, कुठल्या मार्केटला रात्री किती वाजता पोचलं की खाली करायला नंबर लवकर लागतो, हे केबिनमध्ये बसूनच कळतं.

पण या शाळेची दुसरी बाजू बघा. हातात काही लिहून मिळत नाही. पगार ठरतो तोंडी, कधी नुसतं जेवण आणि खर्ची. स्टिअरिंग कधी मिळणार हे उस्तादाच्या मूडवर. आणि उस्तादाच्या चुकीच्या सवयीही आपोआप अंगात मुरतात. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करायची, ही त्यातली सगळ्यात घातक. उतारावर गिअरमध्ये नसलेल्या भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत.

त्यात लायसन्स नसताना 'जरा मोकळा रोड आहे, धर तू' हा प्रकार सर्रास चालतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विना लायसन्स गाडी चालवली तर दंड ५ हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चालवायला देणाऱ्या मालकालाही शिक्षा आहेच. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, ते वेगळंच.

आणखी एक बदल. ही शाळाच आता आटत चालली आहे. बऱ्याच गाड्यांवर क्लीनर नसतो, मालकाला तेवढाच एका माणसाचा खर्च कमी. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी संप केला, तेव्हा ई-चलनाच्या तक्रारींबरोबर अवजड वाहनांवरची क्लीनरची सक्ती काढा, अशीही मागणी होती. म्हणजे येत्या काही वर्षांत 'चल बस गाडीवर' म्हणणारे उस्ताद कमी होत जाणार.

फी भरून काय मिळतं?

नियमाप्रमाणे साध्या स्कूलमध्ये अवजड वाहनाचं प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष ड्रायव्हिंग किमान १५ तासांचं हवं. २०२१ पासून 'मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र' हा नवीन प्रकार आला. तिथला अवजड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा. सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक असावाच लागतो. इथून पास झालं की आरटीओत वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही.

कागदावर छान आहे. प्रत्यक्षात स्कूल निवडताना डोळे उघडे ठेवायला लागतात. काही ठिकाणी 'यायची गरज नाही, सर्टिफिकेट घेऊन जा' अशी ऑफर मिळते. ऐकायला सोपं, पण मग पहिल्या नोकरीत वीस टनाची गाडी रिव्हर्स लावायची वेळ येते तेव्हा सर्टिफिकेट स्टिअरिंग फिरवत नाही.

मुलींसाठी तर हाच रस्ता खरा. अनोळखी उस्तादाबरोबर रात्र-रात्र केबिनमध्ये काढायची उमेदवारी किती घरं मान्य करतील? एसटीनं २०१९ मध्ये महिला चालकांचं प्रशिक्षण सुरू केलं. मध्ये कोरोना आला, बराच काळ गेला, पण २०२३ मध्ये महिला एसटीच्या स्टिअरिंगवर दिसल्या. संस्थेनं शिकवायचं ठरवलं की कोणासाठी दार उघडतं, ते यातून कळतं.

मामाच्या घरातलं गणित

माझा मामेभाऊ १९ वर्षांचा. बारावी झाली, कॉलेजात मन नाही, कारचं लायसन्स अठरा पूर्ण झाल्या झाल्या काढलेलं. मामाच्या ओळखीतले एक ट्रकमालक त्याला क्लीनर म्हणून घ्यायला तयार आहेत. महिना ६ हजार आणि रोडवरचं जेवण. दुसरीकडे तालुक्याच्या स्कूलनं सगळं मिळून १६ हजार सांगितलेत. ते पैसे कांद्याच्या पट्टीतून द्यायचे, आणि त्याच पैशांवर त्याच्या बहिणीची नर्सिंगची फीसुद्धा आहे. घरात दोन पार्ट्या पडल्यात.

"अगं, कमवून शिकतोय तर शिकू दे ना," मामा म्हणाला.

"आणि तीन वर्षं गाडीच धूत बसला तर?" मामीचा प्रश्न.

"ताई, तूच सांग आता, तू पेपरात आहेस," असं म्हणून भावानं चेंडू माझ्याकडे टाकला. मग आम्ही वहीच घेऊन बसलो.

समजा तो आज वीसचा असता. क्लीनर म्हणून वर्षाचे ७२ हजार. फी भरली तर पहिले दोन महिने शिकणं आणि लायसन्स यात जाणार, कमाई शून्य, वर १६ हजार खर्च. नंतर त्याला सेकंड ड्रायव्हर म्हणून महिना १२ हजार मिळतील, असा ट्रकमालकांचाच अंदाज. तर पहिल्याच वर्षात ७२ हजारांची बरोबरी करायला ८८ हजार कमवायला हवेत, म्हणजे साधारण साडेसात महिने काम. थोडक्यात, वर्ष सुरू झाल्यापासून साडेचार महिन्यांत नोकरी लागली तर फी वसूल. त्यानंतर लागली तर पहिल्या वर्षी क्लीनर पुढे.

पण आपण वर बघितलं की १६ हजार क्लीनरलाही कधीतरी भरायचेच आहेत. ते दोन्हीकडे धरले तर ७२ हजारांसाठी सहाच महिने काम पुरतं. सहा महिन्यांत नोकरी लागली की बरोबरी झाली. दुसऱ्या वर्षापासून तर दर महिन्याला ६ हजारांचा फरक. म्हणजे मुद्दा फीचा कमी आणि 'नवख्याला गाडी कोण देणार' याचा जास्त. आणि इथेच मामाचा मुद्दा वजनदार ठरतो. नवीन लायसन्सवाल्याला पन्नास लाखांची गाडी कोणी देत नाही. ज्या मालकानं पोराला वर्षभर बघितलंय, तोच देतो.

हे आकडे एका घरचे आहेत. तुमच्या भागातले वेगळे असतील. पण वहीत मांडायची पद्धत हीच.

मधला रस्ता आहे

कायदा १८ ते २० या दोन वर्षांत तुम्हाला ट्रक चालवूच देत नाही. मग उमेदवारी करायची ती नेमकी याच काळात. भावाचं शेवटी तेच ठरलं. वीस पूर्ण होईपर्यंत क्लीनर, पगारातले दीड-दोन हजार बाजूला आणि विसाव्या वाढदिवसानंतर त्याच पैशातून स्कूल. बहिणीच्या फीला हात लावायचा नाही. मालकांशी बोलणी झाली ती मामाच्या समोर, आणि पगार दर महिन्याला खात्यावर. मामी अजून पूर्ण राजी नाही, पण तारीख ठरलेली आहे म्हटल्यावर थोडी शांत झाली.

वीसनंतर ट्रान्सपोर्टचं लर्निंग हातात आलं की उस्तादाबरोबर शिकणंही कायदेशीर होतं. अट एवढीच की शेजारी त्या वाहनाचं पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा आणि गाडीवर पुढे-मागे लाल 'एल' हवा. लर्निंग सहा महिने चालतं. स्कूलचे १५ तास आणि उस्तादाचा हात, दोन्हींचा फायदा याच सहा महिन्यांत घेता येतो.

ज्यांना क्लीनरकी नकोच, त्यांच्यासाठी 'छोटा हत्ती' आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाला एलएमव्हीचं लायसन्स पुरतं, वेगळा शेरा लागत नाही. लहान टेम्पोवर दोन वर्षं काढली की लोडिंग, पार्किंग, बाजारपेठांचं टायमिंग अंगवळणी पडतं आणि पगारही ड्रायव्हरचा मिळतो.

तिसरा पर्याय म्हणजे नोंदणीकृत अप्रेंटिसशिप. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली २०१९ पासून किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५ ते ९ हजार ठरलेलं आहे. केंद्राच्या योजनेतून त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपयांचा वाटा सरकार उचलतं. मोठी लॉजिस्टिक कंपनी 'आम्ही शिकवू' म्हणत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, की करार पोर्टलवर नोंदलेला आहे का?

परदेशाचंही सांगते, कारण इन्स्टावर जाहिराती फार फिरतात. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच्या यादीत ड्रायव्हरही आहेत. तिकडे ट्रक ड्रायव्हर हा तीन वर्षांच्या पगारी उमेदवारीचा रीतसर अभ्यासक्रम आहे. पण आधी जर्मन भाषा शिकावी लागते, हे जाहिरातीतला एजंट शेवटी सांगतो.

सही करण्याआधी हे विचारा

*स्कूलवाल्याला:* स्टिअरिंगवर मी एकटा किती तास असणार? गाडी रिकामी की भरलेली? घाट आणि रात्रीचं ड्रायव्हिंग आहे का? फीची पावती मिळेल ना?

*गाडीमालकाला:* पगार किती, कुठल्या तारखेला, खात्यावर की हातात? स्टिअरिंग कधी मिळणार? गाडीच्या विम्यात क्लीनर धरलाय का?

*कंपनीला:* बाँड किती महिन्यांचा? मध्येच सोडलं तर किती भरायचे? ओरिजिनल लायसन्स किंवा मार्कशीट ठेवून घेत असतील तर सरळ नाही म्हणा.

*स्वतःला:* कायदा ८ तासांचा दिवस सांगतो, रोडवर तो किती ठिकाणी पाळतात ते ढाब्यावर एक रात्र काढून बघितलंय का? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, पण तुमच्या वाट्याला येणारी पहिली गाडी बहुधा जुनीच असेल.

या सगळ्याची उत्तरं हातात आल्यावर मग घरी सांगा, 'मला ट्रक ड्रायव्हर व्हायचंय.' आणि अठरा नुकतेच पूर्ण झाले असतील तर बाकी काही ठरो न ठरो, याच महिन्यात एलएमव्हीच्या लायसन्सला अर्ज टाका. एक वर्षाचं ते घड्याळ लायसन्स हातात आल्यावरच सुरू होतं.