ब्रेकवरचा पाय काय सांगतो?

गाडी ताशी साठच्या वेगात आहे. पुढे सिग्नल दिसतो, आपण ब्रेकवर हलकेच पाय ठेवतो आणि पेडल थरथरू लागते. जणू खालून कोणी तळव्याला टिचक्या मारते आहे. गाडी थांबते, म्हणून आपणही विसरून जातो. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. जुनी छोटी गाडी वापरणाऱ्या पुष्कळांना हे ओळखीचे वाटेल. मारुती ८०० चेच बघा. ती १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे तिच्यातली सर्वांत नवी गाडीदेखील आता दहा वर्षांहून जुनी आहे. अशा गाडीची बाजारातली किंमत उतरते, पण आत बसणाऱ्या माणसांची नाही.

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम असतात. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांमधून चाकांपर्यंत पोचतो आणि फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड आवळून धरतात. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी असेल तर पाय स्थिर राहतो. एखाद्या जागी ती किंचित जास्त असेल, तर तो भाग पॅडमध्ये आला की पॅड मागे रेटले जातात, ऑइल उलटे ढकलले जाते आणि तो धक्का पायाला लागतो. त्यासाठी मोठा उंचवटा लागत नाही. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरकही पायाला कळू शकतो. हा फरक केसाच्या जाडीहूनही कमी आहे. डोळ्यांनी तो दिसत नाही, म्हणूनच नुसते बघून ‘डिस्क चांगली आहे’ असे म्हणण्यात अर्थ नसतो.

आता या थरथरीची लय ऐका. मारुती ८०० चे चाक एका फेऱ्यात साधारण दीड मीटर जाते. ताशी साठला ते सेकंदाला दहा-अकरा वेळा फिरते, ताशी वीसला तीन-चार वेळा. वेग उतरताना थरथरही त्याच प्रमाणात सावकाश होत गेली, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे, हे नक्की. ब्रेक न लावताच स्टेअरिंग थरथरत असेल, तर आधी टायर आणि चाकांचे बॅलन्सिंग तपासावे. आणखी एक गोष्ट. एबीएस असलेल्या गाडीत निसरड्यावर जोरात ब्रेक लावला की पेडल थडथडते, तो दोष नव्हे. पण आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस २०१९ च्या एप्रिलपासून पूर्णपणे सक्तीचे झाले. जुन्या छोट्या गाड्यांत ते बहुधा नसतेच.

दोष पुढे की मागे? ब्रेक लावल्यावर पेडलबरोबर स्टेअरिंगही हलत असेल, तर संशय पुढच्या डिस्कवर घ्यावा. सीटखाली हादरे जाणवत असतील, तर मागच्या ड्रमवर. खात्री करायची तर रिकाम्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर ताशी वीस-पंचवीसच्या वेगात हँडब्रेक हळूहळू ओढून बघावा. अंगठा बटणावर दाबलेलाच ठेवावा, म्हणजे तो लगेच सोडता येतो. या गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. त्या वेळी गाडी तशीच हादरली, तर ड्रमची गोलाई बिघडली असे समजावे.

गॅरेजमध्ये बहुधा ‘डिस्क वाकली’ असे ऐकायला मिळते. प्रत्यक्षात डिस्क क्वचितच वाकते, ती असमान झिजते. डिस्क हबवर जिथे टेकते तिथे गंज किंवा कचरा असला, किंवा चाकाचे नट कमीजास्त आवळले गेले, तर ती किंचित तिरकी फिरते. मग ब्रेक न लावताही एकच जागा पॅडला घासत राहते आणि काही हजार किलोमीटरमध्ये जाडीत फरक पडतो. दुसरे कारण उष्णता. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला आणि खाली येऊन तापल्या डिस्कवर पेडल दाबूनच थांबलो, तर पॅडचा थर त्या जागी चिकटू शकतो. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा, हा जुना सल्ला म्हणूनच खरा आहे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली तरी डिस्कवर गंजाचा डाग धरतो. तो हलका असेल तर थोडे चालवल्यावर निघून जातो.

नुसते पॅड बदलून हे दुखणे जात नाही. नवे पॅड त्याच उंचसखल डिस्कवर बसतात, काही दिवस बरे वाटते आणि थरथर परतते. पैसे जातात आणि दोष आत राहतो. म्हणून आधी तपासणी, मग खर्च. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखडले तर बेअरिंग किंवा सांधा ढिला आहे. हब घासून स्वच्छ करावा. मग डायल गेज लावून डिस्क पूर्ण एक फेरा फिरवावी आणि मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजावी. पुरेशी जाडी उरली असेल तर डिस्क लेथवर घासून घेता येते. किमान जाडी पुष्कळदा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली तर दोन्ही बाजूंच्या डिस्क नव्या घ्याव्यात, पॅडसकट. शेवटी नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून, सारख्या जोराने आवळावेत. पंक्चर काढल्यावरही हे पाहावे.

पेडल मऊ पडून खाली जाणे, ब्रेक ऑइल कमी होणे, गाडी एका बाजूला ओढणे, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज किंवा चाक ढिले वाटणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र चाचण्या करत बसू नये. गाडी जागेवरच ठेवावी आणि मेकॅनिकला बोलवावे.

एरवी गॅरेजमध्ये जाल तेव्हा ‘जरा ब्रेक बघा’ एवढेच सांगू नका. थरथर किती वेगाला येते, स्टेअरिंग हलते की सीट, हँडब्रेकने काय होते, हे सांगा आणि मोजलेली जाडी विचारा. अर्धे निदान तुमच्या पायाने आधीच केलेले असते. ते मेकॅनिकच्या कानावर घालणे एवढेच आपले काम.