स्तनवर्धन शस्त्रक्रिया

स्तनांचे आकारमान वाढविण्याकरिता स्तनग्रंथीच्या किंवा छातीच्या स्नायूच्या मागे सिलिकोनाची पिशवी बसविण्याच्या शस्त्रक्रियेस ‘स्तनवर्धन शस्त्रक्रिया’ म्हणतात. स्तनांची अपुरी वाढ, दोन स्तनांतील विषमता, प्रसूतीनंतर किंवा वजन घटल्यामुळे कमी झालेली पुष्टता ही तिची नेहमीची कारणे होत. कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना हा निराळा विषय आहे.

हायडलबर्ग येथील शस्त्रक्रियाविशारद व्हिन्सेंट्स चेर्नी यांनी १८९५ मध्ये रुग्णाच्याच शरीरातील मेदार्बुद (चरबीची सौम्य गाठ) स्तनातील पोकळी भरण्यासाठी वापरले. पुढे पॅराफीन व द्रवरूप सिलिकोन टोचण्याचे प्रयोग झाले. परंतु त्यांमुळे गाठी व विद्रूपता उद्‌भवल्याने ते त्याज्य ठरले. टॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो यांनी १९६२ मध्ये ह्यूस्टन (अमेरिका) येथे सिलिकोन जेल भरलेली पिशवी प्रथम बसविली. लवणजलाने भरावयाची पिशवी त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्समध्ये प्रचारात आली.

छेद : सर्वांत रूढ छेद स्तनाखालील वळीत घेतात. त्यातून शस्त्रक्रियेचे क्षेत्र सरळ दिसते, दुग्धवाहिन्यांना धक्का लागत नाही आणि पुढे पिशवी बदलावयाची झाल्यास तोच मार्ग वापरता येतो. जेलच्या पिशवीस साधारणपणे ४ ते ५ सेंमी. लांबीचा छेद लागतो. स्तनमंडलाच्या (स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या) कडेने घेतलेल्या छेदाचा व्रण रंगांच्या सीमेवर लपतो. मात्र मंडल लहान असल्यास हा मार्ग अपुरा पडतो आणि दुग्धवाहिन्यांतील जंतूंचा पिशवीशी संपर्क येण्याचा संभव वाढतो. काखेतील छेदामुळे स्तनावर व्रणच राहत नाही, परंतु पिशवी नेमकी बसविणे कठीण जाते. त्यासाठी अंतर्दर्शकाचे साहाय्य घेतात. नाभीतून घातलेली पिशवी आत गेल्यावर भरावी लागते, म्हणून तेथे लवणजलाचीच पिशवी चालते.

पिशवीचे स्थान : रुग्ण व्रणाची चौकशी प्रथम करते, परंतु दीर्घकालीन परिणाम पिशवी कोणत्या थरात आहे यावर अधिक अवलंबून असतात. ग्रंथीमागे, स्नायूपुढे ठेवल्यास वेदना कमी होतात व स्नायूच्या हालचालीने पिशवी सरकत नाही. तथापि कृश स्त्रीत तिच्या कडा व सुरकुत्या त्वचेतून जाणवतात. बृहत् वक्षस्नायूमागे ठेवल्यास वरच्या भागावर जाड आच्छादन मिळते आणि स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत ग्रंथी अधिक स्पष्ट दिसते. उलट, स्नायू आकुंचन पावताच स्तन वेडावाकडा दिसू शकतो. जॉन टेबेट्स यांनी २००१ मध्ये वर्णन केलेल्या द्विस्तरीय पद्धतीत स्नायूचे खालचे बंध सोडवितात, त्यामुळे पिशवीचा वरचा भाग स्नायूखाली व खालचा ग्रंथीखाली राहतो. किंचित ओघळलेल्या स्तनांस ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते. स्नायूवरील प्रावरणीच्या (तंतुमय पापुद्र्याच्या) खाली पिशवी ठेवण्याचीही पद्धत आहे.

उपद्रव : शरीर प्रत्येक पिशवीभोवती तंतुमय कोश तयार करते. तो आकुंचित झाल्यास स्तन कठीण, वेदनायुक्त व विरूप होतो. या विकृतीच्या बेकर श्रेणी चार असून शेवटच्या दोहोंत बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. ग्रंथीमागील स्थानात हा उपद्रव अधिक आढळतो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग व स्तनाग्राची संवेदना कमी होणे हेही संभवते. लवणजलाची पिशवी फुटल्यास स्तन लगेच बसतो. जेलची फूट मात्र बाहेरून कळत नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी व पुढे दर दोन-तीन वर्षांनी श्राव्यातीत ध्वनी किंवा चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने तपासणी सुचविली आहे. याच प्रशासनाने जेलच्या पिशव्यांचा सौंदर्यवर्धनासाठी वापर १९९२ मध्ये रोखला होता. २००६ मध्ये तो २२ वर्षांवरील स्त्रियांपुरता पुन्हा मान्य केला. खरबरीत पृष्ठाच्या पिशव्यांभोवतीच्या कोशात क्वचित एक प्रकारचे लसीकार्बुद उद्‌भवते असे आढळल्यावर २०१९ मध्ये अशा काही पिशव्या जगभरातून परत घेण्यात आल्या. पिशवी आयुष्यभर टिकत नाही. ती केव्हातरी बदलावी किंवा काढावी लागण्याचा संभव असल्याची कल्पना रुग्णास शस्त्रक्रियेपूर्वीच देतात.