नेटवर्क-संचयाची जोडणी, लिनक्स प्रणालीतील

नेटवर्क-संचयाची जोडणी, लिनक्स प्रणालीतील : एका संगणकाच्या तबकडीवर साठविलेल्या फायली नेटवर्कमार्गे दुसऱ्या संगणकाला जणू त्याच्या स्वतःच्याच तबकडीवर आहेत अशा रीतीने उपलब्ध करून देण्याच्या क्रियेस नेटवर्क-संचयाची जोडणी किंवा व्यवहारात ‘माउंट’ म्हणतात. फायली पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर व त्या वापरणाऱ्यास ग्राहक संगणक ही नावे आहेत. संगणकाची स्वतःची तबकडी तो चालू होताच हाताशी असते. नेटवर्कवरील संचय मात्र मधल्या तारा, जोडयंत्रे व सर्व्हर हे सर्व सज्ज असल्यासच मिळतो. म्हणून ही जोडणी केव्हा करावयाची आणि केव्हा सोडावयाची, हा क्रमाचा प्रश्न संगणक चालू व बंद होण्याच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. हा क्रम चुकल्यास संगणक अडून राहतो किंवा माहिती भलत्याच जागी लिहिली जाते. क्वचित ती कायमची नष्टही होते.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव या परिसरातील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे (जीएमआरटी) उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण जुन्नर तालुक्यातील खोडद येथे उभारली. तिच्यात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० ॲंटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात सुमारे एक चौ. किमी. क्षेत्रात असून उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किमी. विस्तारात पसरलेल्या आहेत. सर्व ॲंटेनांचे संकेत प्रकाशीय तंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत येतात व तेथे लिनक्सवर चालणाऱ्या संगणक-समूहांकडून त्यांवर संस्करण होते.

तीस ॲंटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी २,०४८ कंप्रता-पट्टे व दोन ध्रुवणे धरली आणि प्रत्येक मूल्यास ८ बाइट लागतात असे मानले, तर एका नोंदीचे आकारमान सुमारे १ कोटी ४२ लाख बाइट होते. दर दोन सेकंदांना अशी एक नोंद घेतल्यास तासाला सुमारे २,५०० कोटी बाइट माहिती साठवावी लागते. एवढी माहिती अनेक संगणकांना एकत्र लिहिता-वाचता यावी, यासाठी अशा समूहांना सामाईक संचय लागतो. शिवाय आकाशातील स्पंदकाचा (पल्सारचा) किंवा क्षणिक स्फोटाचा विशिष्ट वेळी आलेला संकेत पुन्हा मिळत नाही. त्यामुळे जोडणीतील चुकीची किंमत केवळ गैरसोयीत मोजता येत नाही.

जोडणीचे स्वरूप : लिनक्समध्ये सर्व फायली एकाच वृक्षाकार रचनेत मांडलेल्या असतात. नवा संचय जोडताना या वृक्षातील एखादी रिकामी निर्देशिका निवडतात. तिला जोडबिंदू म्हणतात. जोडणी झाल्यावर त्या निर्देशिकेत शिरणाऱ्यास सर्व्हरवरील फायली दिसतात. जोडणी झाली नसली, तरी निर्देशिका मात्र जागेवर असतेच. या साध्या गोष्टीत एक मोठा धोका दडलेला आहे. नोंद घेणाऱ्या कार्यक्रमास लिहिण्याचा अधिकार असेल, तर तो त्या रिकाम्या निर्देशिकेत कोणतीही तक्रार न करता लिहू लागतो. प्रत्यक्षात ही माहिती ग्राहक संगणकाच्या स्वतःच्या लहान तबकडीवर साठत जाते व ती तबकडी भरली की संगणकाचे कामच थांबते. पुढे जोडणी पूर्ण झाली, तर अगोदर लिहिलेल्या फायली तिच्याखाली झाकल्या जाऊन दिसेनाशा होतात.

यावरील एक उपाय म्हणजे जोडणीपूर्वी रिकाम्या निर्देशिकेला ‘अपरिवर्तनीय’ हा गुण देणे. मग जोडणी नसताना तेथे लिहिण्याचा प्रयत्न तत्काळ फसतो आणि चूक वेळीच उघड होते. दुसरा उपाय म्हणजे सर्व्हरवर एक खुणेची फाइल ठेवणे व ती दिसल्याखेरीज नोंद सुरू न करणे.

नेटवर्कवरून फायली पुरविण्याच्या पद्धतींपैकी ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ (एनएफएस) ही पद्धत युनिक्स व लिनक्स जगतात विशेष रूढ आहे. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती १९८४ च्या सुमारास विकसित केली. लिनक्सचे गाभा-कार्यक्रम लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. कोणता संचय कोठे व कोणत्या अटींवर जोडावयाचा, याची यादी लिनक्समध्ये ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीत असते व संगणक चालू होताना ती वाचली जाते.

प्रारंभाचा क्रम : संगणक चालू होताना प्रथम गाभा-कार्यक्रम, मग स्थानिक तबकड्या, नंतर नेटवर्क, त्यानंतर नेटवर्क-संचय व शेवटी तो वापरणारे कार्यक्रम असा क्रम असावा लागतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक सेवेस एक क्रमांक दिलेला असे. रेड हॅट परिवारातील प्रणालींत नेटवर्कचा प्रारंभक्रमांक १० व नेटवर्क-संचयाचा २५ होता. समाप्तीचे क्रमांक अनुक्रमे ९० व ७५ होते. दोहोंची बेरीज १०० येत असल्याने चालू होतानाचा क्रम बंद होताना आपोआप उलटत असे.

२०१० मध्ये ‘सिस्टिमडी’ ही नवी व्यवस्था पुढे आली आणि २०११ ते २०१५ या काळात बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांनी ती स्वीकारली. तिच्यात क्रमांकांऐवजी सेवांचे परस्परावलंबन लिहून ठेवतात व ज्या सेवा एकमेकींवर अवलंबून नाहीत त्या एकाच वेळी सुरू होतात. त्यामुळे प्रारंभ जलद होतो, परंतु न सांगितलेला क्रम पाळला जाईलच अशी शाश्वती राहत नाही. या व्यवस्थेत ‘नेटवर्क’ व ‘नेटवर्क-ऑनलाइन’ ही दोन वेगळी लक्ष्ये आहेत. पहिले गाठले म्हणजे नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली एवढाच अर्थ होतो. संगणकास पत्ता मिळाला असेलच असे नाही. जोडणीसाठी दुसऱ्या लक्ष्याची वाट पाहणे आवश्यक असते.

एनएफएससारख्या पद्धतीचे नाव यादीत असल्यास हा संचय नेटवर्कवरचा आहे, हे व्यवस्थेला आपोआप कळते. परंतु नेटवर्कमार्गे आलेली तबकडी साध्या तबकडीसारखीच नोंदविलेली असेल, तर ‘_नेटडेव्ह’ ही अट स्पष्टपणे लिहावी लागते. ती राहिल्यास व्यवस्था त्या तबकडीला स्थानिक समजते, नेटवर्क येण्यापूर्वीच तिची वाट पाहते व सर्वसाधारणपणे ९० सेकंदांनंतर प्रारंभ अर्धवट सोडून आणीबाणीच्या अवस्थेत जाते. अशा वेळी कोणीतरी प्रत्यक्ष त्या यंत्रासमोर बसावे लागते. दूरवरून हाताळल्या जाणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत ही अडचण लहान नाही. खोडद पुणे शहरापासून सुमारे ८० किमी. अंतरावर आहे.

‘नोफेल’ या अटीमुळे जोडणी झाली नाही तरी प्रारंभ पुढे चालू राहतो. संगणक अडून न राहणे हा तिचा फायदा, तर जोडणीविनाच काम सुरू होण्याची शक्यता हा तिचा दोष होय. म्हणून ही अट दिल्यावर संचय वापरणाऱ्या सेवेच्या वर्णनात अमुक जोडबिंदू सज्ज असल्याखेरीज सुरू होऊ नये, असेही लिहावे लागते. संगणक खुशाल चालू व्हावा, परंतु नोंद थांबून राहावी, असा या दुहेरी व्यवस्थेचा अर्थ आहे. संचयाचा वापर अधूनमधून होत असल्यास स्वयंचलित जोडणी सोयीची ठरते. तीत प्रारंभी काहीच जोडले जात नाही. कोणी त्या निर्देशिकेत प्रथम शिरले की त्या क्षणी जोडणी होते.

वीज जाऊन परत आली की सर्व संगणक एकाच वेळी चालू होतात आणि क्रमाचा प्रश्न एका यंत्रापुरता न राहता सर्व समूहाचा होतो. मोठ्या तबकड्यांची तपासणी करावी लागत असल्याने सर्व्हरला सज्ज होण्यास ग्राहकांपेक्षा अधिक वेळ लागतो. एनएफएसची साधी जोडणी दोन मिनिटे प्रयत्न करून सोडून दिली जाते. पार्श्वभूमीत प्रयत्न चालू ठेवण्याची अट दिल्यास ही मर्यादा १०,००० मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक आठवडा होते. दोन सर्व्हर एकमेकांचा संचय वापरत असतील व दोघेही दुसऱ्याची वाट पाहत बसले, तर कोणीच सुरू होत नाही. अशी परस्पर-अडवणूक टाळण्यासाठी अवलंबन शक्यतो एकाच दिशेचे ठेवतात.

काम चालू असताना : सर्व्हर मध्येच नाहीसा झाल्यास ग्राहकाने काय करावे, याचे दोन पर्याय आहेत. ‘हार्ड’ जोडणीत तो उत्तर येईपर्यंत अखंड वाट पाहतो. ‘सॉफ्ट’ जोडणीत ठरावीक प्रयत्नांनंतर कार्यक्रमास चूक कळवितो. दुसरा पर्याय सोयीचा वाटला, तरी कार्यक्रमाने त्या चुकीची दखल घेतली नाही तर फाइल अर्धवट किंवा सदोष राहते. म्हणून महत्त्वाची माहिती लिहिताना ‘हार्ड’ जोडणीच योग्य मानतात. अशा जोडणीत अडकलेला कार्यक्रम पूर्वी सर्वसाधारणपणे थांबविता येत नसे. २००८ मधील २.६.२५ या आवृत्तीपासून निदान सक्तीने थांबविण्याची आज्ञा त्याला लागू पडते.

समाप्तीचा क्रम : बंद होताना सर्व क्रिया उलट्या क्रमाने व्हाव्या लागतात. प्रथम संचय वापरणारे कार्यक्रम थांबतात, मग जोडणी सुटते व शेवटी नेटवर्क बंद होते. यामागे कारण आहे. लिहिलेली माहिती लगेच सर्व्हरकडे जात नाही, काही काळ ती ग्राहकाच्या स्मृतीत राहते. एनएफएसमध्ये फाइल बंद करताना ही शिल्लक माहिती सर्व्हरकडे पाठविली जाते. परंतु तासन्‌तास चालणाऱ्या निरीक्षणाची फाइल तेवढा वेळ उघडीच असते. कार्यक्रम नीट थांबला, फाइल बंद झाली व जोडणी सुटली, तरच शेवटच्या नोंदी सुरक्षित राहतात.

नेटवर्क आधी बंद झाल्यास जोडणी सोडण्याची क्रिया उत्तर न देणाऱ्या सर्व्हरची वाट पाहत अडून राहते. मग कोणीतरी कळ दाबून वीज तोडतो आणि स्मृतीतील माहिती नष्ट होते. वापरकर्त्याने प्रवेश केल्यावरच सुरू होणारे बिनतारी नेटवर्क किंवा खासगी आभासी नेटवर्क यांच्या बाबतीत हा प्रकार विशेष आढळतो, कारण वापरकर्ता बाहेर पडताच ते बंद होण्याचा संभव असतो. सेवेच्या वर्णनात ‘नेटवर्कनंतर सुरू व्हावे’ असे लिहिले की ‘नेटवर्कपूर्वी थांबावे’ हा अर्थ सिस्टिमडीत आपोआप निघतो. हाताने जोडणी करून सुरू केलेल्या कार्यक्रमाचे असे वर्णन कोठेच नसल्याने त्याला हे संरक्षण मिळत नाही.

जोडणी सोडण्याची ‘आळशी’ रीतही उपलब्ध आहे. तीत जोडबिंदू वृक्षातून तत्काळ नाहीसा होतो, परंतु उघड्या फायली बंद होईपर्यंत जोडणी आतून चालूच राहते. त्यामुळे अडलेली समाप्ती सुटल्यासारखी दिसते, पण माहिती सर्व्हरपर्यंत पोहोचल्याची ग्वाही मिळत नाही. नित्याच्या वापरासाठी ही रीत योग्य नव्हे.

अनेक यंत्रांचा समूह बंद करताना ग्राहक आधी व सर्व्हर शेवटी, तर चालू करताना सर्व्हर आधी व ग्राहक नंतर, हा नियम पाळतात. वीज खंडित झाल्यावर बॅटरीवर चालणारी पूरक वीजव्यवस्था थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात सर्व ग्राहकांच्या जोडण्या सुटून शिवाय सर्व्हरला स्वतःच्या तबकड्या बंद करण्यास अवधी उरला पाहिजे. म्हणून प्रत्येक टप्प्यास किती सेकंद लागतात हे प्रत्यक्ष मोजून समाप्तीची आज्ञा केव्हा द्यावयाची ते ठरवितात. सर्व्हर पुन्हा चालू झाल्यावर एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत सामान्यतः ९० सेकंदांचा सवलतीचा काळ असतो. त्या काळात जुने ग्राहक आपले फायलींवरील पूर्वीचे हक्क परत मागू शकतात; नव्या मागण्यांना थांबावे लागते. प्रारंभीची ही दिरंगाई बिघाड समजून सर्व्हर पुन्हा बंद केल्यास सवलतीचा काळ पहिल्यापासून मोजला जातो.

या सर्व अटी केवळ लिहून भागत नाही. महत्त्वाचे निरीक्षण किंवा काम नसताना सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून ग्राहक चालू करणे, तसेच नेटवर्कची तार काढून ग्राहक बंद करणे, अशा चाचण्या घेऊन यंत्रे अपेक्षेप्रमाणे वागतात की नाही ते पाहावे लागते. जोडणीतील दोष नेहमीच्या कामात बहुधा दिसत नाहीत. वीज जाते किंवा सर्व्हर थांबतो त्या वेळीच ते उघडकीस येतात.