थायरॉईडची गोळी आणि सोबतच्या गोळ्या

घाऊक कापडाचा व्यापार असलेल्या एका घरातील थोरल्या सूनबाई आठ वर्षांपासून थायरॉईडची गोळी घेत आहेत. ७५ मायक्रोग्रॅमची मात्रा त्यांना मानवली होती. नवकारशी पारली की साध्या पाण्याबरोबर गोळी आणि तासाभराने चहा, असा त्यांचा क्रम होता. पुढे हाडांसाठी कॅल्शियमची गोळी सुरू झाली. विसर पडू नये म्हणून त्या दोन्ही गोळ्या दुधाच्या चहाबरोबर एकदमच घेऊ लागल्या. काही महिन्यांनी टीएसएच वाढलेले निघाले आणि डॉक्टरांनी मात्रा १०० केली. कॅल्शियमचा उल्लेख त्यांच्यापुढे झालाच नाही, कारण घरात त्याला कोणी औषध मानत नव्हते. व्यापारी घरात चार आण्यांची नोंद चुकत नाही, औषधांचा कारभार मात्र तोंडी चालतो.

कॅल्शियमची बाटली संपली, नवी आणली गेली नाही आणि पहिला क्रम परत आला. दीड-दोन महिन्यांत छातीत धडधड, हातांना कंप, घाम, रात्री झोप नाही. गोळी सोसत नाही असे समजून त्यांनी ती परस्पर बंद केली. धडधड हळूहळू थांबली. पण पुढे थकवा, बद्धकोष्ठ आणि अंगावर सूज आली.

डॉक्टरांनी या वेळी सर्व गोळ्या मागवून घेतल्या, तेव्हा उलगडा झाला. कॅल्शियम आणि लोह ही दोन्ही लिव्होथायरॉक्सिनला आतड्यातच अडवून धरतात. म्हणून त्यांच्यात किमान चार तासांचे अंतर लागते. अडथळा होता तोवर १०० ची मात्रा जेमतेम पुरत होती, तो दूर होताच तीच अधिक झाली. मात्रा पुन्हा ७५ वर आणून सहा आठवड्यांनी रक्त तपासण्याचे ठरले. हे औषध शरीरातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस घेते. त्यामुळे बदलाचा खरा परिणाम दिसण्यास तेवढा अवधी द्यावा लागतो. चार दिवसांच्या धडधडीवरून गोळी अर्धी करणे आणि आठ दिवसांच्या थकव्यावरून पुन्हा पूर्ण करणे, यात हिशेब कधीच जुळत नाही. छातीत दुखणे किंवा ठोके अनियमित होणे मात्र थांबण्यासारखे नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गर्भवती स्त्रीने तर ही गोळी स्वतःहून मुळीच सोडू नये, त्या काळात गरज बहुधा वाढते.

केसांसाठी घेतले जाणारे बायोटिन हा आणखी एक चकवा. ते थायरॉईडवर परिणाम करीत नाही, पण काही पद्धतींच्या तपासणीत आकडे फिरवते आणि मात्रा जास्त झाल्याचा भास होतो. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते थांबवावे, आणि आपण ते घेतो हे सांगावेही.

काही रुग्णांना ही गोळी रात्री झोपताना घेण्यास सांगतात. चौविहार करणाऱ्यांना ती सोय नाही. त्यांच्यासाठी सकाळच बरी. उपवासात एखादा दिवस गोळी चुकली तर फारसे बिघडत नाही. अठ्ठाईचे आठ दिवस ही वेगळी गोष्ट. पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी आणि गुरुमहाराजांशी बोलून घ्यावे.

सूनबाईंचे कॅल्शियम आता पुन्हा सुरू झाले आहे, दुपारच्या जेवणाबरोबर. गठ्ठ्यांवर नंबर टाकण्याच्या जाड पेनाने सासऱ्यांनी बाटलीवर वेळ लिहून दिली आहे.